गहुंजेतली ती शांतता

पुण्याजवळच्या गहुंजेतल्या कसोटीत भारत न्यूझीलंडकडून हरला आणि मालिकाही गेली. त्यावर एका लेखात म्हटलंय, सलग १८ कसोटी मालिका घरी जिंकून देणाऱ्या संघावर एका पराभवाने चाहत्यांनी एवढं चिडू नये. मी त्या शनिवारी, २६ ऑक्टोबर २०२४ ला, गहुंजेला होतो. चिडलेले होते, पण त्याहून जास्त गप्प बसलेले होते. ३५९ धावांचा पाठलाग करताना जैस्वाल ७७ करून गेला, मग पंत शून्यावर धावबाद झाला आणि आख्खा स्टँड खाली बसला. माझ्या शेजारचे काका साताऱ्याहून नातवाला घेऊन आले होते. तो विचारत होता, "आजोबा, आपण अजून जिंकू ना?" त्यांना उत्तर देता येईना.

राग हरण्याचा नाही हो. न्यूझीलंड उत्तमच खेळलं, तेही त्यांचा मुख्य फलंदाज विल्यमसन याच्याशिवाय. राग याचा की इथेच २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओ'कीफने १२ बळी घेतले होते, आपण १०५ आणि १०७ मध्ये गारद, ३३३ धावांनी हार. या वेळी न्यूझीलंडच्या सँटनरचे १३. दोघेही डावखुरे फिरकीपटू! सात वर्षांत आपण काय शिकलो? विराट तर २०१२ नंतर तोवर रणजी, म्हणजे देशांतर्गत स्पर्धा, खेळलेला नव्हता. चेंडू वळणाऱ्या खेळपट्टीवर खेळायचा सराव मग होणार कुठे?

त्यानंतरच्या मुंबईच्या कसोटीचं तिकीट काढलं होतं. मालिका गेली तरी जाणार होतो.