नववीच्या वर्गात भाषण नको, दाखल्यांचं बोला

थोडं स्पष्टच लिहिते, राग आला तर येऊ द्या.

शाळेत जाऊन मुलांना 'मार्गदर्शन' करण्याची सध्या टूम आहे. कंपन्यांना सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च, दाखवायचा असतो, निवृत्त माणसांना वेळ असतो, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शाळांना स्वयंसेवक जोडून देणारं 'विद्यांजली'चं पोर्टल नव्याने सुरू केल्यापासून त्याला सरकारी दारही मिळालंय. मीही त्यातलीच. बँकेतली नोकरी संपली आणि नाशिकरोडच्या एका माध्यमिक शाळेत शनिवारी जायला लागले. शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की नववीची काही मुलं थांबतात, आम्ही बसतो.

अशा शाळांमध्ये येणारे बरेचसे पाहुणे एकाच साच्यातले. लॅपटॉप, प्रोजेक्टर, पडद्यावर कलामांचा फोटो, 'स्वप्नं मोठी बघा', शेवटी समोसा आणि ग्रुप फोटो. मुलं टाळ्या वाजवतात, कारण तो तास गणिताचा असतो! पाहुणे गेल्यावर मुलांना विचारा, तुला काय व्हायचंय. अर्ध्या वर्गाचं उत्तर ठरलेलं: पोलीस भरती. आणि त्यातल्या कित्येकांना वाटतं की दहावी झाली की अर्ज भरता येतो. बारावी पास लागते, हे नववीच्या पोराला कुणीच सांगितलेलं नसतं. शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची, हेही नाही. एक मुलगा रोज पहाटे १६०० मीटर पळत होता, मराठीच्या व्याकरणाचं पुस्तक मात्र त्याने उघडलेलं नव्हतं. त्याचं स्वप्न व्यवस्थित मोठं होतं. त्याला फक्त लेखीचा अभ्यासक्रम कुणी दाखवला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच की शाळेत जाणाऱ्या मोठ्या माणसाला दहावीनंतरची पहिली पायरी नीट माहीत हवी. शिखरावरचे लोक यूट्यूबवर ढिगाने सापडतात.

आणि जायचंच तर नववीला जा. दहावीला सगळेच धावतात, क्लासवाले, संस्था, नगरसेवक, सगळे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. पुढे कायद्याचं छत्र नाही. त्यात शाळेला दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा असतो, मग कच्ची पोरं नववीतच गाळली जातात. "दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भर," म्हणजे शाळा सोडून दहावीला बाहेरून बस, हे वाक्य ज्यांनी शाळेच्या ऑफिसबाहेर ऐकलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाहेरून बसलेल्या पोराच्या मागे मग कोण उभं राहतं? आई धुणीभांडी करते, बाप साइटवर.

आता कागदांचं. हा विषय कंटाळवाणा वाटेल, पण खरी गोम इथेच आहे. आमच्याकडे मराठवाड्यातून, खानदेशातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं पुष्कळ. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला नाहीतर महसुली नोंद, आणि ती गावाकडे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर आणखी खटपट. हे काम दहावीचा निकाल लागल्यावर, प्रवेशाच्या घाईत, दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून होत नाही. नववीच्या दिवाळीत गावी जाताना मुलाच्या हातात यादी दिली तर होतं. मी तेवढंच करते, यादी लिहून देते. बँकेत केवायसीचे कागद तपासत आयुष्य गेलं, ते असं कामी येतंय.

तीच गत एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची. आठवीत परीक्षा देऊन पोरगी निवड यादीत येते, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळायला हवेत. पण पोर्टलवर अर्ज राहतो, नाहीतर खात्याला आधार जोडलेलं नसतं, नाहीतर पुढच्या वर्षी नूतनीकरण कुणाच्या लक्षातच येत नाही. हुशारीने मिळवलेले पैसे असे जातात.

आणि बोर्डाची प्री-लिस्ट! दहावीच्या फॉर्मनंतर मुलांची नावं-तपशील तपासायला ही यादी शाळेत येते, मुलं न वाचता सही ठोकतात. एका मुलीच्या आईचं नाव 'सुनिता', आधारवर 'सुनंदा', शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरंच काहीतरी. नंतर दुरुस्तीसाठी चकरा मारायच्या म्हणजे बापाची रोजंदारी बुडणार.

बरं, सगळं कागदांवर भागत नाही हे मलाही कळतं. सगळ्यात जास्त रंगलेला शनिवार वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या एका वायरमन काकांचा होता. भाषण नाही, काही नाही. पिशवीतून पकड, टेस्टर, रबरी हातमोजे काढून टेबलावर मांडले. पावसात खांबावर चढताना आधी काय तपासायचं ते सांगितलं. "काका, शॉक बसलाय का कधी?" असं मागच्या बाकावरून आलं, तर त्यांनी तळहात पुढे केला. अंगठ्याखालची कातडी अजून चकचकीत होती. मग सावकाश सगळं बाहेर आलं: आयटीआयला इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं, प्रवेश दहावीच्या गुणांवर, पुढे अप्रेंटिसशिप. एक पोरगी म्हणाली, "मुलींना घेतात का?" काका म्हणाले, "घेतात की, पण उंचीची भीती आत्ताच घालव."

शिक्षकांचं मात्र ऐकून घ्या. मतदार याद्या, ऑनलाइन माहित्या, अमुक सप्ताह, तमुक पंधरवडा, यातून ते शिकवतात. वर्गशिक्षकांना डावलून परस्पर 'मेंटॉर' व्हायला गेलात तर दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर तर शाळेने तुमची पोलीस पडताळणी मागितली म्हणून नाक मुरडू नका. बंद खोलीत एकट्या मुलाशी बसायचं नाही, मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत, ग्रुप असेल तर त्यात वर्गशिक्षक हवेतच. पैसे हातात देऊ नका. एकाला दिले की पुढच्या शनिवारी तुम्ही काकू उरत नाही, एटीएम होता.

एक मैत्रीण म्हणाली, हे सगळं सरकारचं काम, तुम्ही फुकट करून त्याला पळवाट देता. तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही. शाळेत पुरेसे लिपिक असते, समुपदेशक असता, तर माझी यादी कुणाला हवी होती? तिने त्यासाठी भांडावं, मी सही करीन. पण आत्ता नववीत असलेली पोरगी ते भांडण निकाली निघेपर्यंत नववीत थांबणार नाही.

तर ज्यांना यायचंय त्यांनी मला इनबॉक्स करण्याआधी आपल्या घराजवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. सहामाही आणि वार्षिक परीक्षेचे दिवस टाळा. दर आठवड्याला जमणार नसेल तर महिन्यातून एकदा म्हणा, पण तो दिवस चुकवू नका. आणि नर्स, लॅब टेक्निशियन, फिटर, एसटीचे वाहक, टेलर, पोलीस हवालदार, 'आम्ही काय मार्गदर्शन करणार' असं म्हणणारे जे कुणी वाचत असाल, त्यांनी नाशिकरोडला जरूर यावं. इंजिनिअर आमच्याकडे सध्या चार जास्तच आहेत.