‘पाच मिनिटांच्या कामाला तीन दिवस’ या अभिप्रायास उत्तर

आदरणीय वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार.

नव्या लॅपटॉपवर वर्डस्टार हा मजकूर लिहिण्याचा जुना प्रोग्रॅम चालू करून देण्याच्या पाच मिनिटांच्या कामाला आम्ही तीन दिवस लावले, ८०० रुपये घेतले, तरी प्रिंट निघत नाहीच आणि दुकानदाराला काही कळत नाही, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. प्रिंटची अडचण लॅपटॉप हाती देतानाच मी सांगायला हवी होती. ती सांगितली नाही, ही माझी चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

परंतु ‘पाच मिनिटांचे काम’ हे शब्द मला फार लागले. आपण सोमवारी सायंकाळी साडेसातला, टिळकवाडीतले आमचे दुकान बंद होण्याच्या वेळी आलात आणि बुधवारी दुपारी दोनला लॅपटॉप घेऊन गेलात. वार मोजले तर तीन होतात, तास मोजले तर त्रेचाळीसही भरत नाहीत. त्यातही वर्डस्टारच्या आपल्या संचातील दुसऱ्या फ्लॉपीला बुरशी लागलेली होती. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटातल्या वह्यासुद्धा ओलसर होतात, त्यामुळे यात आपला दोष आहे असे मी म्हणत नाही. पण मंगळवारी सकाळी दहाला मी फोन केला आणि दुसरा संच आपल्या कारकुनाच्या हाती सायंकाळी सहानंतर आला, हे आपल्या अभिप्रायात कुठेच नाही. तो अख्खा दिवस माझ्या नावावर लागला.

आपल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर हाच प्रोग्रॅम लगेच उघडत असे, हे आपले म्हणणे खरे आहे. ती विंडोज ३२ बिटांची होती आणि डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचे, १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवणारा भाग तिच्यातच होता. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तो भाग नाही, आणि आपल्या लॅपटॉपवरील विंडोज ११ तर ६४ बिटांतच मिळते. म्हणून १९९२ सालचे वर्डस्टार ७ तिच्यावर थेट चालत नाही, ‘कम्पॅटिबिलिटी’च्या खुणा कितीही बदलल्या तरी चालत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा डॉसच्या जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम घालून, त्याच्या आत वर्डस्टार बसवावे लागले. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-९ एकत्र दाबले की सगळी खिडकी तत्काळ बंद होते आणि जतन न केलेला मजकूर जातो. आपला हात वर्षानुवर्षे कंट्रोलवरच चालतो, हे माहीत असल्यामुळे मंगळवारी रात्री बसून मी ती जोडी बदलून ठेवली, नाहीतर एखाद्या दाव्याचा मसुदा सुनावणीच्या आदल्या रात्री नाहीसा झाला असता. आपल्याला हे दिसले नाही, कारण तसे काही घडलेच नाही. ८०० रुपयांत हे सारे होते, शिवाय नऊ फ्लॉप्यांतले मसुदे पेन ड्राइव्हवर घेणेही होते.

मी १९९४ साली टंकलेखनाच्या वर्गात शिकवू लागले तेव्हा वर्डस्टारच शिकवत होते. आजही याच टेबलावर कचेऱ्यांच्या अर्जांसाठी कन्नड टंकलेखनाचे नुडी, मंडळांच्या अहवालांसाठी मराठीचे श्री-लिपी आणि न्यायालयासाठी इंग्रजी, अशी तिन्ही कामे होतात, आणि जुन्या फाइली नव्या संगणकावर आणण्याचे त्रास मला रोजचे आहेत. काही कळत नाही, हे वाक्य माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलींनीही वाचले आहे. या दुकानावर दोन घरे चालतात.

प्रिंटविषयी सांगायचे तर, साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोयच नसते, आणि वर्डस्टार प्रिंटरला ज्या पद्धतीने मजकूर पाठवते ती आपल्या घरच्या यूएसबी प्रिंटरला कळेलच असे नाही. डॉसबॉक्स-एक्स या दुसऱ्या आवृत्तीत छपाईची सोय आहे. ती मी विनाशुल्क घालून देईन आणि आपल्यासमोर एक पान काढून दाखवीन. यापुढे काम घेतानाच अशा गोष्टी लिहून देण्याची व्यवस्थाही आम्ही करणार आहोत.

कृपया दुपारी चारच्या आत या आणि येताना प्रिंटरवरचा मॉडेल क्रमांक लिहून आणा.