हॉस्पिटलकडून उत्तर : 'साध्या सर्दीसाठी मुलाचं ऑपरेशन रद्द केलं'

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मुलाला पहाटेपासून उपाशी ठेवलं, भूलतज्ज्ञ साडेदहाला आले आणि साध्या सर्दीचं निमित्त करून हर्नियाचं ऑपरेशन रद्द केलं, असं तुम्ही लिहिलंय. भूलतज्ज्ञांना आधीच्या केसमुळे दीड तास उशीर झाला, हे खरं आहे. उशीर होणार हे कळल्यावर मुलाला थोडं पाणी द्यायला हवं होतं. भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. ते आमच्याकडून राहिलं. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण 'आधी सांगितलं असतं तर आलोच नसतो' हे वाक्य मला फार लागलं. आदल्या संध्याकाळी आमच्या सिस्टरांनी तुम्हाला फोन केला होता. सर्दी, खोकला, ताप, तिन्ही नावं घेऊन विचारलं. 'काही नाही, एकदम ठणठणीत आहे,' असं तुम्ही सांगितलंत. वहीत तसंच लिहिलेलं आहे. सकाळी मी वॉर्डात आले तर मुलगा बाहीला नाक पुसत होता आणि बाही पिवळी, कडक झाली होती. आजीच म्हणाल्या, 'चार रात्री झोपला नाही ओ खोकून, आत्ताच औषध पाजून आणलंय.' त्यांनी खरं सांगितलं, कृपा करून त्यांना बोल लावू नका.

छातीत घरघर होती, ताप 101 होता. अशा वेळी श्वासनलिका चिडलेली असते. भूल देताना किंवा उतरताना स्वरयंत्र एकदम आवळून बसतं, श्वास अडतो आणि लहान मुलाचा ऑक्सिजन बघता बघता खाली येतो. नाक सुकलं तरी हा चिडकेपणा काही आठवडे राहतो, म्हणून 'चार दिवसांनी करा' ही तुमची विनंती मान्य करता आली नाही. नुसतं पाण्यासारखं नाक गळतंय, ताप नाही, छाती स्वच्छ आहे, पोर खेळतंय, अशी मुलं आम्ही घेतो. हर्नियात आतडं अडकलेलं असतं तर तापातही थांबलो नसतो. इथे थांबायला वेळ होता.

'पैसे उकळायचे धंदे' म्हणालात. अॅडव्हान्सची पूर्ण रक्कम त्याच दुपारी परत दिली, पावतीवर तुमची सही आहे. भूलतज्ज्ञांची त्या दिवशीची फी मी माझ्या खिशातून भरली. 12 खाटांचं हॉस्पिटल आहे हो आमचं. ऑपरेशन रद्द झालं की आधी आमचंच नुकसान होतं. तरीही त्या सकाळी मी पुन्हा 'नाही'च म्हणेन.

वेळेचं आणि फोनवर विचारण्याचं आम्ही नीट बघतोय, सुधारणा करू.

खोकला पूर्ण थांबल्यावर तीन-चार आठवड्यांनी दाखवायला आणा, तपासणीचे पैसे घेणार नाही. मधल्या काळात हर्नियाची गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट बघू नका, रात्री-अपरात्री या. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. त्यातलं फोनचं तेवढं दुरुस्त करा, सिस्टर दोन दिवस रडतायत.