न ओळखलेला जीवाणू कचऱ्यात टाकू नका

ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जीवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'डिफ्थेरॉइड्स, बहुधा कंटॅमिनेशन' (बाहेरून मिसळलेले) एवढं लिहिलं की बहुतेक ठिकाणी विषय तिथंच मिटतो. पेशंटचा ताप मात्र तसाच असतो. मी कोल्हापुरात मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो आणि त्या एका ओळीबद्दल मला बोलायचंय.

डिफ्थेरॉइड्स म्हणजे मुख्यतः कॉरिनेबॅक्टेरियम कुळातले जीवाणू. ते आपल्या कातडीवर राहतात, सुई टोचताना रक्ताच्या बाटलीत उतरतात. एकाच बाटलीत आले तर सोडून देणं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण दोन्ही हातांतून वेगवेगळं काढलेल्या रक्तात तेच उगवले तर?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयानं २०१४ पासून नेमके असेच जीवाणू जपून ठेवले. पेशंटच्या रक्तात, जखमेत सापडलेले आणि नेहमीच्या तपासणीत ओळख न पटलेले असे ६१. त्यांचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला, तेव्हा ३५ प्रजाती विज्ञानाला नव्या निघाल्या आणि त्यातल्या ७ खरोखर आजाराशी संबंधित होत्या. नव्यांपैकी सर्वात जास्त कोणत्या कुळांतले? कॉरिनेबॅक्टेरियम आणि शालिया. त्यातलं पहिलं म्हणजे आपण प्लेटसकट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात) घालतो, तेच कूळ!

उरलेल्या, ओळखायला अवघड अशा २६ मधला एक कुत्रा चावून सुजलेल्या अंगठ्यातला होता. त्याला २०२२ मध्ये वँडॅमेला अ‍ॅनिमालिमॉर्सस हे नाव मिळालं. आपल्याकडं कुत्रं चावलं की रेबीजची लस घेतात, ती घ्यायलाच हवी. पण जखम चिघळली तर त्या पुवाचं कल्चर किती जण करतात?

ओळख पटवणारं माल्डी-टॉफ मशीन जीवाणूच्या प्रथिनांचा आलेख काढून साठवलेल्या आलेखांशी जुळवतं. साठ्यात नसलेला जीवाणू त्याला कळत नाही. कधी ते जवळच्याच भावंडाचं नाव देतं, आणि हे जास्त धोक्याचं. मग १६एस हा जीन वाचावा लागतो, साधारण १५०० अक्षरांचा, सगळ्या जीवाणूंत असणारा. तिथंही नीट जुळलं नाही तरच पूर्ण जीनोम.

चुकीच्या नावाची किंमत मेलिऑयडोसिस या जीवाणूंमुळं होणाऱ्या आजारात दिसते. त्याचा जीवाणू नवा नाही, व्हिटमोर आणि कृष्णस्वामींनी तो रंगूनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच शोधला. पण कल्चरमध्ये तो आजही 'स्यूडोमोनास' या दुसऱ्याच जीवाणूच्या नावानं निसटतो. तो चिखलात, पाण्यात राहतो, पावसाळ्यात वाढतो, मधुमेह असलेल्यांना जास्त गाठतो. उडुपी-मणिपालकडचे डॉक्टर त्याला चांगले ओळखतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत गुडघाभर चिखलात भात लावणारी माणसं आपलीच आहेत, आणि त्यांच्यातही साखर वाढलेले कमी नाहीत. नाव बरोबर आलं तर आधी शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम हे अँटिबायोटिक आणि नंतर किमान तीन महिने गोळ्या. नाव चुकलं की कोर्स आठवड्यात थांबतो आणि आजार उलटतो.

जपून ठेवलेला नमुना काय करू शकतो, हे लीजनेला जीवाणूनं दाखवलं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, २९ माणसं गेली, आणि कारण जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड यांना सापडलं. मग १९६५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयातल्या न उलगडलेल्या साथीचे फ्रीजरमधले रक्तनमुने तपासले, तर तिथंही लीजनेलाच! कोणीतरी ते बारा वर्षं फेकले नव्हते.

माझी मागणी फार मोठी नाही. रक्तासारख्या एरवी निर्जंतुक जागेतून जीवाणू आला, पुन्हा आला आणि ओळखता आला नाही, तर एक कुपी ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवा. सोबत पेशंटची माहिती हवी, नाहीतर कुपीचा उपयोग शून्य. पुण्यात सूक्ष्मजीव जतन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे, शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी हुशार पोरं आहेत. ज्या लॅबमध्ये फ्रीजर नाही, तिनं शेजारच्या लॅबचा वापरावा.

आणि नातेवाइकांनो, गावात दोन-चार दिवस इंजेक्शनं घेऊन मग कोल्हापूरला आणलेल्या पेशंटच्या रक्तात बऱ्याचदा काहीच उगवत नाही. ताप जोरात असेल, पेशंट खंगत असेल, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांना विचारा: "कल्चर पाठवलं का, आणि दोन्ही हातांतून घेतलं का?" पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र त्यासाठी औषध अडवून धरू नका, रक्त घ्यायला दोन मिनिटं लागतात.