चोचीत सापसुरळी घेऊन ताटकळलेला खंड्या

ओढ्याकाठच्या तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर परवा छायाचित्रकार कसे ठाण मांडून बसले होते ते चिपळुणातील आमच्या पक्षीवेड्यांच्या कट्ट्यावर सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे रविवारी चहा येण्यापूर्वीच वादाला तोंड फुटले. मंदार नेहमीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांची जंगली पँट घालून आला होता. त्याने मोबाइल पुढे करून आपले छायाचित्र सर्वांना दाखवले. पावसाने चिंब झालेल्या काटकीवर तिबोटी खंड्या बसलेला होता आणि त्याच्या चोचीत सापसुरळी होती. छायाचित्र देखणे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

"हा पक्षी पंचवीस मिनिटे माझ्यासमोर बसून होता," मंदार म्हणाला. "त्याला माझी भीती वाटली असती, तर तो उडून गेला नसता का?"

"तो तुझ्यासाठी बसला नव्हता, तुझ्यामुळे बसला होता," नंदिनी म्हणाली.

पंधरा वर्षे केवळ दुर्बिणीने पक्षी पाहणाऱ्या नंदिनीने मग ते छायाचित्र मोठे करून आम्हाला जे दाखवले, ते माझ्या मनातून अजून जात नाही. सापसुरळीचे डोके चोचीबाहेर, पुढच्या दिशेने होते. खंड्याला भक्ष्य स्वतः गिळायचे असते तेव्हा तो त्याचे डोके आपल्या घशाकडे वळवून घेतो. पिल्लाला किंवा जोडीदाराला भरवायचे असेल, तरच ते बाहेरच्या बाजूला ठेवतो. म्हणजे घास पिल्लांचा होता, पिल्ले दरडीतल्या बिळात होती, आणि समोर आठ माणसे कॅमेऱ्यांची तिकाटणी रोवून बसलेली असताना बिळाचे तोंड उघड करण्याचा धोका तो जेमतेम मुठीएवढा पक्षी पत्करत नव्हता. ज्या छायाचित्राला लोक सर्वाधिक दाद देतात, ते पुष्कळदा पक्ष्याच्या कोंडीचेच छायाचित्र असते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

"आणि ती काटकी तिथे मुळात नव्हतीच," बाळू शांतपणे म्हणाला. तो पाहुण्यांना पक्षी दाखवून घर चालवतो, त्यामुळे ओढ्याची प्रत्येक दरड त्याला पाठ आहे. पक्षी कॅमेऱ्यासमोर बसावा म्हणून ती काटकी आपण नव्हे, दुसऱ्या कोणीतरी रोवली, असे मंदारने तीनदा सांगितले. ती उपटून टाकावी असे त्याला का वाटले नाही, हा नंदिनीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच येते, असे मी सांगितले, तेव्हा "म्हणजे आता मी शिकारी झालो?" असे म्हणत तो उभाच राहिला. आपल्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सची किंमतही त्याने याच ओघात पुन्हा एकदा सांगितली.

"एवढी लांबची लेन्स घेतलीस ती लांब बसण्यासाठीच ना?" नंदिनीने विचारले आणि भिगवणची जुनी जखम उघडी केली. उजनीच्या पाणलोटात रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून निवांत चरत असताना, उड्डाणाचे छायाचित्र हवे म्हणून मंदारने नावाड्याला होडी थेट थव्यावर घालायला लावली होती. रोहिताला जागेवरून झेप घेता येत नाही, त्याला पाण्यावर धावत जाऊन मगच उठता येते. ती सगळी शक्ती आमच्या एका छायाचित्रापायी खर्ची पडली आणि होडीतल्या इतरांना त्या दिवशी रोहित पुन्हा दिसले नाहीत. त्या होडीच्या भाड्यातला मंदारचा वाटाही अद्याप आलेला नाही, याची नोंद बाळूने केली.

बाळूची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याकडे आपण सगळेच काणाडोळा करतो. लांब थांबा म्हटले की पाहुणा रुसतो आणि पुढच्या खेपेस दुसऱ्याकडे जातो. तरीही दोन पावसाळ्यांपासून त्याने घरटी दाखवणे बंद केले आहे आणि त्यांची ठिकाणेही तो कोणाला कळवत नाही. घरट्यापासून बऱ्याच अंतरावर, खंड्या जिथे खेकडे टिपायला येतो त्या डोहापाशी तो पाहुण्यांना उजाडण्यापूर्वी झावळ्यांच्या आडोशामागे बसवतो. पक्षी आपल्या कामासाठी आपण होऊन येतो, काम झाले की जातो. त्याने अंग चोरले किंवा तो एकटक रोखून पाहू लागला, तर कॅमेरे खाली ठेवायचे, एवढाच बाळूचा नियम आहे. मला हा मार्ग मनापासून पटतो.

"मग नवरंग पक्षी जवळ यावा म्हणून मी स्पीकरवर त्याचा आवाज लावतो तेही चूक का?" मंदारने चिडून विचारले. विणीच्या काळात तो आवाज ऐकून नराला आपल्या हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखे वाटते आणि तो सगळी कामे सोडून धावून येतो, असे नंदिनी समजावू लागली. पण बाळूला हसू आवरेना. गेल्या जूनमध्ये मंदारने करवंदीच्या जाळीमागून तासभर नवरंगाची शीळ वाजवली होती आणि पलीकडून तितक्याच उत्साहाने उत्तर येत होते. शेवटी बाळूने ओढा ओलांडून पाहिले, तेव्हा पलीकडच्या जाळीत असाच एक गृहस्थ आपला स्पीकर लावून बसलेला होता!

यावर सगळा कट्टा इतका हसला की चहावाल्यानेही येऊन काय झाले ते विचारले. मंदारही अखेर हसला. उठताना त्याने बाळूला हळूच विचारले, "त्या डोहापाशी पहाटे किती वाजता यायचे?"

"साडेपाचला," बाळू म्हणाला. "आणि स्पीकर घरी ठेवून."