वामनाची पावले

आमच्या घरी डॅशहाउंड जातीचे पिल्लू आले, तेव्हा आईने त्याला वरून खाली आणि मग बराच वेळ आडवे न्याहाळून "याचे पाय यायचे आहेत का अजून?" असे विचारले आणि त्याचे नाव वामन ठेवून टाकले. नाव ठेवताना तिने पुढची कथा लक्षात घेतली नसावी. या वामनाने पहिल्या पावलात सोफा घेतला, दुसऱ्यात पलंग घेतला, आणि तिसरे पाऊल तो रोज पहाटे पाचला माझ्या डोक्यावर ठेवतो.

पहाटेला इलाज नाही. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊलाच डांबर तापते. इतर कुत्र्यांचे तळवे तेवढे पोळतात, याचे पोटसुद्धा रस्त्यापासून जेमतेम चार बोटे वर असते. शिवाय आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. पाय आखूड ठेवणाऱ्या आनुवंशिक दोषामुळेच या जातीच्या मणक्यांमधल्या चकत्याही लवकर कडक होतात, एखादी वाईट उडी मागचे पाय कायमचे लुळे करू शकते, म्हणून एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून, पाठ आडवी राखत त्याला उतरवावे लागते. वजन अकरा किलो. तांदळाचा कट्टा याहून बरा. तो निदान मांजर दिसताच उसळी मारत नाही.

स्वभावाचे मूळ जर्मनीत आहे. तिकडे 'डाक्स' म्हणजे बॅजर, हा बिळात राहणारा चिवट प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरता यावे म्हणून हे पाय, आणि जमिनीखालून वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला ऐकू जावा म्हणून हा आवाज. आमच्याकडे कुरिअर घेऊन येणारा मुलगा बंद दाराआडचे भुंकणे ऐकून दोन पायऱ्या मागे सरतो, दार उघडल्यावर माझ्या कमरेच्या उंचीवर कुत्रा शोधतो आणि मग त्याची नजर हळूहळू खाली येते. बिळात हुकूम द्यायला मालक नसतो, सगळे निर्णय कुत्र्यालाच घ्यावे लागतात. ती सवय याने धरमपेठेतल्या दोन खोल्यांतही सोडलेली नाही. येथे बॅजर नसल्यामुळे त्याने कूलर निवडला. मागल्या उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरच्या ताटीतला ओला वाळा त्याने पंजांनी उपसला, आणि मी "वामन!" म्हणून ओरडलो, तेव्हा नाकावर वाळ्याच्या दोन काड्या, कान उलटे, अशा अवस्थेत त्याने मागे वळून मलाच 'काय काम आहे?' अशा नजरेने पाहिले.

तळमजल्यावरच्या काकू मात्र त्याला अपंगच समजतात.

"काऊन हो भाऊ, पाय दुखून राहिले का याचे?"

मणक्यांचे प्रकरण त्यांना तीनदा समजावून झाले आहे. परवा मी चिडून सांगितले, की १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे अधिकृत शुभंकर याच जातीचे होते, त्याचे नाव वाल्डी, आणि मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्याच आकारात आखला होता. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतले.

"अन् तिथं याले जिन्यावरून कोन नेत होतं?"

वामन माझ्या खांद्यावरून मान काढून त्यांच्यावर भुंकत राहिला, आणि मी पुढच्या पायऱ्या मोजू लागलो.