घर्षणाच्या माथी खापर

विज्ञान शिकवणाऱ्यांमध्ये सध्या एक दावा फिरतोय. त्याचा आशय असा: टक्करीआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तेवढाच राहतो, हा संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत बाह्य बल नसेल तरच लागू होतो, आणि तो दाखवायला शाळेत ज्या छोट्या गाड्या एकमेकींवर धडकवतात त्यांना घर्षण असतंच. म्हणून हवेच्या झोतावर चालणारा ट्रॅक किंवा महागड्या ‘घर्षणविरहित’ गाड्या नसतील तर हा प्रयोग मुळातच खोटा. जोडीला पुरावेही दिलेत. गाड्या एकमेकींना चिकटल्या की निम्मी ऊर्जा घर्षणात जाते, आकडे कधीच जुळत नाहीत आणि सेन्सरशिवाय वेग मोजता येत नाही. तेव्हा व्हिडिओ दाखवा आणि मोकळे व्हा.

मी हा प्रयोग कडाप्प्याच्या ओट्यावर फळी टाकून बरीच वर्षं करून घेतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, बाह्य बलाचा. बल आहे हे कबूल, पण ते किती वेळ लागतं? अर्धा किलोची गाडी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येतेय असं धरा. तिचा संवेग 0.25 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. बरी गाडी असेल तर रोध वजनाच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे साधारण 0.05 न्यूटन. टक्कर संपते 0.02 सेकंदात. तेवढ्यात घर्षण संवेग पळवतं 0.001, म्हणजे अर्धा टक्काही नाही. गाडी पाचपट रखडणारी असली तरी 2 टक्के. टक्कर इतकी झटपट उरकते की घर्षणाला हात मारायला सवडच मिळत नाही.

मग आकडे का जुळत नाहीत? कारण आपण वेग चुकीच्या जागी मोजतो. वरचीच गाडी तशाच उभ्या गाडीला धडकून चिकटली की जोडीचा वेग 0.25 व्हायला हवा, आणि त्या क्षणी तो तेवढा असतोही. पण मुलं स्टॉपवॉच घेऊन फळीच्या टोकाशी उभी! 20 सेंटिमीटर पुढे गेल्यावर त्याच शंभराव्या भागाच्या घर्षणाने तो वेग 0.15 वर आलेला असतो. 40 टक्के घट. मुलं वहीत लिहितात, ‘घर्षणामुळे संवेग अक्षय्य राहिला नाही’, आणि आपण खाली सही करतो. सिद्धांत टक्करीपाशी खरा ठरला होता, आपण मोजायला उशिरा पोचलो.

न्यूटननेही 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त लंबकांना टांगलेल्या गोळ्यांच्या टकरी दिल्या आहेत. हवेचा रोध त्याला काढून टाकता येणार नव्हता. त्याने गोळा एकटाच झोक्यावर सोडून परतताना तो किती कमी पडतो ते पाहिलं आणि त्यावरून दुरुस्ती काढली. हवा आहे म्हणून प्रयोग रद्द केला नाही.

आपल्याला तर दुरुस्ती त्याहून सोपी आहे. फळीचं एक टोक उचला. मीटरभर फळीला सेंटिमीटरभर जाडीचं पुस्तक सरकवलं की शंभराव्या भागाचं घर्षण फिटतं. ढकललेली गाडी ना वेग घेते ना सोडते, तो उतार बरोबर. मात्र दोन्ही गाड्या उताराच्याच दिशेने जाणार असतील तरच. समोरासमोर सोडल्या तर हा उतार एकीला धक्का देतो, दुसरीला अडवतो.

ऊर्जेच्या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. चालती गाडी तेवढ्याच वस्तुमानाच्या उभ्या गाडीला चिकटली की गतिज ऊर्जा निम्मी होते, हवेच्या ट्रॅकवरसुद्धा. ती चिकटणाऱ्या मातीच्या गोळ्यात, आवाजात, उष्णतेत जाते. प्रयोग फसल्याची खूण म्हणून दाखवलेला आकडा खरं तर तो साधल्याची खूण आहे.

‘घर्षणविरहित गाडी’ नावाची वस्तू बाजारात नाही. कमी घर्षणाची आहे. आमच्याकडे स्केटच्या चाकातली, 22 मिलिमीटर व्यासाची बेअरिंगं आहेत. नवी असताना त्यांत दाट ग्रीस ठासलेलं होतं, चाक बोटाने फिरवलं की दोन फेऱ्यांत थांबायचं. रॉकेलमध्ये धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, तर फिरतच राहिलं. गाडी तीच, खर्च जवळजवळ शून्य.

आणि घर्षणाच्या नादात खरा चोर सुटतो: जड चाकं. गाडी सुटली की चाकं फिरवावीही लागतात. भरीव तबकडीसारखं चाक आपल्या वस्तुमानाच्या निम्म्याने जास्त जड असल्यासारखं वागतं. अर्धा किलोच्या गाडीत चाकंच 200 ग्रॅमची असतील, तर ती 600 ग्रॅमची असल्यासारखी चालते. सारख्या गाड्यांत हे लपून जातं. पण उभ्या गाडीवर अर्धा किलो वजन ठेवून धडक दिली आणि गाड्या चिकटल्या, की चाकं न घसरता फिरल्यास वेग अपेक्षेपेक्षा सुमारे 6 टक्के जास्त येतो. जास्त! हा दोष घर्षणावर कसा ढकलणार?

राहिला सेन्सर. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला 240 चित्रांचं स्लो मोशन असतं. फळीच्या कडेला पट्टी चिकटवा, फोन लांब आणि समोर ठेवा. टक्करीच्या लगेच आधीची 24 चित्रं आणि लगेच नंतरची 24 मोजा. आधी 5 सेंटिमीटर, नंतर 2.45. घर्षणाचा वाटा अर्धा मिलिमीटर, म्हणजे पट्टीवरच्या सर्वांत बारीक भागाच्या निम्मा. आपल्या डोळ्याची चूक त्याहून मोठी असते, ती वहीत लिहायला लावा.

फोनही नको असेल तर कानाने करा. दोन गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे. वजन ठेवून एका गाडीचं एकूण वस्तुमान दुसरीच्या दुप्पट केलेलं. स्प्रिंग सोडली की दोन ‘टक्’ ऐकू येतात. ठोकळे सरकवत सरकवत दोन्हींचा एकच ‘टक्’ होईपर्यंत मुलांना खेळू द्या, मग अंतरं मोजा. चाकं हलकी असतील तर गुणोत्तर 2 च्या आसपास येतं. घर्षणामुळे जड गाडी जराशी मागे राहते, म्हणून ते 2 च्या थोडं वरच असतं. ठोकळे जवळ आणून पुन्हा करायला सांगितलं की ते 2 कडे सरकतं.